बोलत नसलेलं, डोकं आपटणारं मूल: शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाने सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षण संपवून नुकतेच शाळेत रुजू झालेले मानसशास्त्रज्ञ. समोर नऊ वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), फिट्सवर औषध चालू, बोलत नाही, ऑटिझमची शंका, आणि गेल्या दोन महिन्यांपासून टेबलावर डोकं आपटतो. मुख्याध्यापकांनी दोन गोष्टी मागितल्यात: याचा आयक्यू किती ते सांगा, आणि हे आपटणं थांबवा. आधी काय करायचं?

या दोन्ही मागण्यांच्या आधी तिसरी गोष्ट येते. मुलाला कुठे दुखतंय का, हे बघा.

तुमच्या प्रश्नातले सगळ्यात कामाचे शब्द ‘दोन महिन्यांपासून’ हे आहेत. नऊ वर्षं नसलेलं वर्तन अचानक सुरू झालं, तर पहिला संशय शरीरावर घ्यायचा. बोलता न येणाऱ्या मुलांत डोकं आपटण्यामागे दाढ किडणं, कानाचा संसर्ग, जठरातलं आम्ल वर येणं आणि बद्धकोष्ठ ही नेहमीची कारणं आहेत. सेरेब्रल पाल्सी असेल तर त्यात खुब्याचा सांधा सरकणं, वाढीमुळे घट्ट झालेले पायाचे ब्रेस (आधाराचे साचे) आणि लहान पडलेली खुर्ची यांची भर घाला. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखा मांडून बघा. डोक्यातलं पाणी उतरवायला शंट, म्हणजे नळी, बसवलेली असेल आणि आपटण्याबरोबर उलटी किंवा गुंगी दिसली, तर निरीक्षण वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ‘त्याला अमुक आहे ना, म्हणून तो असं करतो’ हे वाक्य शाळेत रोज ऐकू येतं. एकदा निदानाचं लेबल लागलं की मुलाची दाढ दुखू शकते हेच लोक विसरतात.

वेदना मोजायची कशी? सुधारित फ्लॅक नावाची साधी मोजपट्टी आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, म्हणजे एकूण ० ते १०. तिची खरी ताकद अशी की घरच्या माणसांना विचारून त्या मुलाच्या स्वतःच्या खुणा तिच्यात लिहिता येतात: कुणी दुखताना हसतं, कुणी श्वास धरतं, कुणी एकदम गप्प होतं. ती पट्टी चार-पाच दिवस ठरलेल्या वेळी भरा. बसल्यावर, जेवणानंतर अर्ध्या तासाने, ब्रेस काढल्यावर. जेवणानंतरच गुण चढत असतील तर बालरोगतज्ज्ञांना द्यायला हातात काहीतरी ठोस असतं. ‘मूल अस्वस्थ असतं’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर कुणी तपासणी करत नाही.

औषधांचं तसंच. लेव्हेटिरासिटॅममुळे काही मुलं विलक्षण चिडचिडी होतात. टोपिरामेटमुळे विचाराचा वेग आणि शब्द सुचणं मंदावू शकतं. औषध कधी सुरू झालं, डोस कधी बदलला या तारखा एका कॅलेंडरवर, आणि आपटणं कधी सुरू झालं तेही त्याच कॅलेंडरवर. तारखा जुळल्या तर न्यूरोलॉजिस्टना कळवा. पालकांना ‘औषध कमी करून बघा’ असं मात्र चुकूनही सुचवू नका; फिट्सचं औषध एकदम बंद केलं तर न थांबणारी फिट येऊ शकते. मूल काही सेकंद शून्यात बघतं आणि शिक्षिका ‘लक्ष नसतं’ म्हणतात, तेव्हा हाक मारून, खांद्याला हात लावून बघा. तंद्री असेल तर बहुधा मोडते, फिट असेल तर मोडत नाही. निदान तुम्ही करायचं नाही. वेळ, कालावधी, आणि पालकांची परवानगी असेल तर व्हिडिओ, एवढं डॉक्टरकडे पोहोचवायचं.

नजर आणि कान शेवटचे कधी तपासले? सेरेब्रल पाल्सीत डोळे ठीक असूनही मेंदूला दृश्याचा अर्थ लावता येत नाही, असं बऱ्याचदा असतं. अशी मुलं वस्तू घेताना मान दुसरीकडे वळवतात, हलणारी वस्तू चटकन टिपतात, आणि गजबजलेल्या पानावर त्यांना काहीच सापडत नाही. त्यांच्यापुढे बारा चित्रांचा तक्ता ठेवला की ‘चित्रं कळत नाहीत’ असा शेरा मिळतो. काळ्या पाटीवर एकच मोठं चित्र ठेवून बघा, मग शेरा लिहा.

हे सगळं चालू असताना निरीक्षण सुरू करायचं. वर्गात, मैदानावर आणि जेवताना, वेगवेगळ्या दिवशी किमान तीन वेळा, दर वेळी वीस-एक मिनिटं. त्याआधी शिक्षिकांकडे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडलेला आठवड्याचा तक्ता द्या. आपटलं की रकाना रंगवायचा, बाकी काही लिहायचं नाही. पाच दिवसांत कुठे रंग दाटतो ते दिसतं. मग नेमक्या त्या वेळी तुम्ही जाऊन बसा आणि आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय घडलं हे तीन भागांत लिहा. लिहायचं ते डोळ्यांना दिसलेलं. ‘हट्ट केला’ ही नोंद नव्हे. ‘ताईंनी पेन्सिल हातात दिली, चार सेकंदांनी कपाळ टेबलावर तीनदा आपटलं, ताईंनी त्याला बाहेर फिरवून आणलं’ ही नोंद. किती वेळा हे मोजायचं की किती वेळ, हेही आधी ठरवा. दिवसातून एकदाच, पण सलग चाळीस मिनिटं चालणारा प्रकार नुसत्या संख्येत ‘१’ दिसतो आणि सगळ्यांना वाटतं मूल सुधारलं. गैरहजेरी जास्त असेल तर दर तासाला किती, असं काढा. एखाद्या सत्रात सोबत दुसऱ्याला मोजायला बसवा. तुमच्या दोघांच्या नोंदी ८० टक्के तरी जुळल्या नाहीत, तर ‘आपटणं’ म्हणजे काय याची व्याख्याच सैल आहे.

आपटणं केव्हा होत नाही, तेही लिहा. बहुतेकजण हे सोडून देतात, आणि उपाय बऱ्याचदा तिथेच पडलेला असतो.

अजून एक मोजणी, जिच्यावर शिक्षक सुरुवातीला नाराज होतात: मोठी माणसं सूचना दिल्यावर किती सेकंद थांबतात? सर्वसाधारण वर्गातही प्रश्नानंतर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, असं या विषयावरच्या जुन्या अभ्यासांत आढळलंय. ज्या मुलाला हात उचलायचं ठरवायलाच दहा सेकंद लागतात, त्याला त्या वेळात तीनदा तीच सूचना मिळते, चौथ्यांदा कुणीतरी त्याचा हात धरून काम उरकतं. त्याचं उत्तर येऊ घातलेलंच असतं, आपणच ते कापतो. मनात दहा आकडे मोजा. फुकट आहे, आणि बाकी कुठल्याही उपायाच्या आधी लागू करता येतं.

आता या वर्तनातून मुलाला काय मिळतं ते शोधायचं. ढोबळ चार शक्यता: नकोशा गोष्टीतून सुटका, कुणाचं तरी लक्ष, हवी ती वस्तू, किंवा शरीरालाच मिळणारी संवेदना. दिसायला एकच असलेलं आपटणं सकाळी सुटकेसाठी आणि दुपारी लक्षासाठी असू शकतं. वरची पेन्सिलची नोंद परत वाचा. बाहेर फिरवून आणणं हे शांत करण्यासाठी केलं, पण मुलाला त्यातून कळलं ते एवढंच की डोकं आपटलं की लिखाण टळतं. अशा मुलाला ‘शिक्षा म्हणून’ कोपऱ्यात बसवलं तरी तेच: त्याला हवी ती सुटका शाळेनेच हातात दिली.

कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ साली दाखवलं की त्रासदायक वर्तनातून जे मिळतं, तेच मिळवण्याचा सोपा संवाद शिकवला की वर्तन कमी होतं. अट एकच, पण कडक: नवा मार्ग जुन्यापेक्षा सोपा आणि लवकर फळणारा हवा. आपटायला अर्धा सेकंद लागतो. म्हणून ‘थांबू या’ हे कार्ड किंवा बटण मुलाच्या चांगल्या हाताच्या टप्प्यात, टेबलालाच चिकटवलेलं पाहिजे. सुरुवातीला आपटण्याची वाट न बघता, लिखाण सुरू होताच मागे बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने त्याचा हात कार्डाकडे न्यायचा, समोरच्या ताईंनी ‘थांबू या, बरं!’ म्हणत लगेच वस्तू उचलायच्या, दोन मिनिटांचा टायमर लावायचा. मग परत काम. मागच्या व्यक्तीची मदत रोज थोडी कमी: मनगटाऐवजी कोपराला स्पर्श, मग नुसती खूण, मग काही नाही. मदत करणाऱ्याने बोलायचं नाही, नाहीतर मूल त्या आवाजाचीच वाट बघायला शिकतं.

हे कुठे फसतं? बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी. मूल तासाभरात पंचवीस वेळा कार्ड दाबतं, शिक्षिका वैतागतात, कार्ड कपाटात जातं. खरं तर तो यशाचा क्षण असतो. मूल मागायला शिकलंय. मागणं प्रत्येक वेळी मान्य करायचं, आणि आपटणं निदान आठवडाभर लक्षणीय खाली गेल्यावरच ‘आधी एक रेघ, मग थांबू’ असं हळूच वाढवायचं. एक रेघ, तीन रेघा, एक ओळ. उडी मारली की आपटणं परत येतं. दुसरं, काम स्वतःच निरर्थक किंवा अशक्य असेल तर कार्ड हे मलम आहे. ज्या हाताला पेन्सिल धरता येत नाही त्याला गिरवायला का लावलंय, हे विचारायची हिंमत दाखवावी लागते.

‘लक्ष वेधायला करतो, दुर्लक्ष करा’ हा सल्ला इथे धोक्याचा आहे. एखादं वर्तन आजवर फळत आलेलं असेल आणि ते फळणं अचानक बंद केलं, तर ते कमी होण्याआधी वाढू शकतं. ओरडण्याच्या बाबतीत ते सोसता येतं, डोकं आपटण्याच्या बाबतीत नाही. आपटायला लागला की हात किंवा मऊ उशी मध्ये घाला, चेहरा कोरा, शब्द शून्य किंवा एक-दोन. टेबलाच्या कडेला फोम लावून घ्या. हेल्मेटचा निर्णय डॉक्टर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याबरोबर. मुलाला जमिनीवर पालथं दाबून धरणं कुठल्याही परिस्थितीत नाही. त्यात श्वास कोंडून मृत्यू झालेले आहेत. आणि कारण शोधायला मुद्दाम आपटणं घडवून बघण्याची जी प्रायोगिक पद्धत इवाता आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडली, ती प्रशिक्षित चमू आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय शाळेत करायची नाही.

आयक्यूकडे येऊ. वेक्स्लरच्या, म्हणजे आयक्यूसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांची सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५, आणि मुलांच्या चाचणीची फूटपट्टी खालच्या टोकाला ४० वर संपते. न बोलणाऱ्या, बोट नीट न रोखता येणाऱ्या मुलाला ४० मिळाले, तर त्याचा अर्थ ‘या मुलापर्यंत ही चाचणी पोहोचली नाही’ इतकाच होतो. बोटाऐवजी नजरेने उत्तर घेतलंत, वेळेची मर्यादा सोडलीत, तर मिळणारी माहिती उपयोगी आहे, पण प्रमाणित आकडा गेला. अहवालात तसं स्पष्ट लिहा. साडेतीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीची बेली चाचणी नऊ वर्षांच्या मुलाला दिली, तर काय जमलं त्याचं वर्णन करता येतं, गुण देता येत नाहीत. ‘मानसिक वय १८ महिने’ हे शब्द तर अहवालातून हद्दपारच करा. ते एकदा लिहिले गेले की चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात खुळखुळा येतो आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी काहीही बोललं जातं. दैनंदिन कौशल्यांसाठी व्हाइनलंडसारखी मुलाखत घरच्यांची आणि शिक्षिकांची, दोघांची वेगळी घ्या. दोन्हींत फरक आला तर चिडू नका. घरी जमणारी गोष्ट शाळेत का जमत नाही, हा उत्तम प्रश्न हाती लागला.

आकड्यापेक्षा कामाचं म्हणजे शिकण्याचा वेग बघणं. एखादी छोटी गोष्ट आधी तपासा, थोडी मदत देऊन शिकवा, पुन्हा तपासा. किती आणि कुठल्या प्रकारची मदत पुरली, हे शिक्षिकेला सोमवारी वर्गात वापरता येतं. ‘४० पेक्षा कमी’ हे तिला कशातच वापरता येत नाही.

मुलाच्या ‘हो-नाही’वर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. उत्तर तुम्हाला आणि त्याला नक्की माहीत आहे असे दहा प्रश्न, पाचांचं उत्तर हो, पाचांचं नाही, क्रम मिसळलेला, चेहऱ्यावर इशारा नाही. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास, नऊ किंवा जास्त येण्याची एक टक्क्याच्या जवळ. म्हणून आठावर खूश न होता दुसऱ्या दिवशी परत घ्या. सगळ्यालाच ‘हो’ येत असेल तर ती मान डोलावणं ही सवय आहे, उत्तर नव्हे. आणि कुणी मुलाचा हात धरून टायपिंग करवत असेल, तर सावध. १९९० च्या दशकातल्या नियंत्रित चाचण्यांत अशा प्रकारे आलेले शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले.

संवादाचा तक्ता किंवा यंत्र कुठलं हे स्पीच थेरपिस्ट ठरवतील. तुमचा आग्रह तीन गोष्टींचा असू दे. पहिली, त्यावर ‘पाणी’ आणि ‘शू’ याखेरीज ‘नको’, ‘दुखतंय’, ‘अजून’, ‘चूक’ आणि गंमत करायचे शब्द हवेत. दुसरी, मोठ्यांनी बोलताना स्वतः तक्त्यावर बोट ठेवायचं, रोज, महिनोनमहिने, मुलाकडून लगेच काही न मागता. आपण बाळाशी वर्षभर बोलतो तेव्हा कुठे ते पहिला शब्द बोलतं. तिसरी, तक्ता दप्तरात जायचा नाही. ‘तक्त्याची सवय लागली की बोलणार नाही’ ही भीती पालक व्यक्त करतील. संशोधन तिला दुजोरा देत नाही, हे त्यांना शांतपणे आणि एकाहून जास्त वेळा सांगावं लागेल.

योजना एका पानाची. दोन उद्दिष्टं पुरे. यश आधीच पाच पायऱ्यांत लिहून ठेवायची जी पद्धत किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मांडली, ती अशा मुलांसाठी फार सोयीची: आजची स्थिती उणे २, अपेक्षित यश ०, अपेक्षेपेक्षा खूप जास्त अधिक २. उदाहरणार्थ, ‘लिखाणाच्या तासात, मदतीशिवाय कार्ड वापरून थांबा मागतो: उणे २ म्हणजे एकदाही नाही, ० म्हणजे पाचपैकी तीन संधींत, अधिक २ म्हणजे पाचही संधींत आणि दुसऱ्या शिक्षिकेबरोबरही’. ‘आपटणं थांबेल’ असं उद्दिष्ट लिहू नका. मुलाने काय करावं हे लिहा. रोजची नोंद अर्ध्या मिनिटात भरून व्हायला हवी, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याची नोंद आठवून भरली जाते आणि तुम्ही त्यावर आलेख काढत बसता.

या पानाचा खरा वाचक मदतनीस आहे. दिवसाचे पाच तास मुलाजवळ तीच असते, आणि बैठकीला तिलाच बोलावलेलं नसतं. तिला बोलवा. तिला तासाभराचं व्याख्यान देऊ नका. सांगा, करून दाखवा, तिला करायला लावा, लगेच काय बरोबर होतं ते सांगा. पंधरा मिनिटं, मुलाशेजारीच. ती सतत मुलाला चिकटून असेल तर इतर मुलं जवळ येत नाहीत, म्हणून तिने केव्हा दोन हात लांब सरकायचं हेही पानावर असू दे.

पालकांशी पहिली भेट तक्रारीची नको. ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं’ एवढंच विचारा. झोप, औषधाची वेळ, कोण उचलतं, कोण थकलंय, सगळं त्यात येतं. एक कठीण गोष्टही मनात असू द्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत ३.७ पट आढळली. अचानक सुरू झालेलं वर्तन, विशिष्ट माणसाला किंवा जागेला टाळणं, अंगावरच्या न उलगडणाऱ्या खुणा दिसल्या, तर स्वतः उलटतपासणी करू नका. दिसलं ते तारखेसह लिहा आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे त्याच दिवशी द्या.

मुख्याध्यापकांना आज सांगायचं ते असं: पहिले दोन आठवडे तपासण्या आणि नोंदी, तिसऱ्या आठवड्यात एका पानाची योजना, त्यानंतर सहा आठवड्यांनी आढावा. आकडा मागितला तर चाचणीने काय सांगता येईल आणि काय नाही, ते लेखी द्या. योजना सुरू होऊन शाळेचे दहा दिवस झाले आणि आलेख जागचा हलला नाही, तर आधी बघा की मोठ्यांनी करायच्या म्हणून पानावर लिहिलेल्या गोष्टींपैकी प्रत्यक्षात किती पाळल्या गेल्या. निम्म्याही पाळल्या नसतील तर योजना चुकली असं म्हणताच येत नाही. सगळ्या पाळूनही रेघ सरळच असेल, तर कारणाचा अंदाज चुकलाय. नोंदी परत वाचा, आणि दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं का, हे पालकांना पुन्हा एकदा विचारा.